वाचक विचारतात : गावचं एपिस्कोपल चर्च, त्याचं दप्तर आणि त्याचं स्वयंपाकघर

मुलं अमेरिकेतल्या लहान गावात स्थिरावली की इकडच्या आईबाबांचे वर्षातले चारसहा महिने तिकडे जातात. बस नाही, देऊळ दीड तासावर, आणि पायी जाता येईल अशा जागा दोनच : ग्रंथालय आणि एखाद्या चर्चचा हॉल. या हॉलबद्दल, तिथल्या जेवणाबद्दल आणि हे चर्च नेमकं कुणाचं याबद्दल बरीच पत्रं आली आहेत. त्यातली एपिस्कोपल चर्चबद्दलची या अंकात घेतली आहेत.

प्रश्न : मुलीच्या गावात शिरताना रस्त्याकडेला एक पत्र्याची पाटी लागते. पांढऱ्या ढालीवर लाल क्रूस, कोपऱ्यात निळा चौकोन आणि खाली ‘एपिस्कोपल चर्च तुमचं स्वागत करतं’ अशी ओळ. हे कॅथलिक की प्रोटेस्टंट? आपल्याकडे असं काही आहे का? (वाचक, डोंबिवली)

ती ढाल म्हणजेच त्या चर्चचा थोडक्यात इतिहास. पांढऱ्यावरचा लाल क्रूस इंग्लंडच्या सेंट जॉर्जचा. निळ्या चौकोनात नऊ छोटे पांढरे क्रूस आहेत. ते मोजून बघा. १७८९ साली या चर्चची घटना मंजूर झाली तेव्हा त्यात नऊ धर्मप्रांत (एकेका बिशपच्या देखरेखीखालचे विभाग) होते, त्यांची ती खूण. हे नऊ क्रूस फुलीच्या आकारात मांडले आहेत, कारण तिरपा क्रूस स्कॉटलंडचा.

स्कॉटलंड मध्ये कुठून आलं? अमेरिका स्वतंत्र होईपर्यंत तिथली ही चर्चं इंग्लंडच्या चर्चचा भाग होती. स्वातंत्र्यानंतर त्यांना स्वतःचे बिशप हवे होते. पण इंग्लंडमध्ये बिशपपदाच्या दीक्षेसाठी राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागे, आणि अमेरिकन नागरिक ती घेणार कशी? कनेटिकटचे सॅम्युअल सीबरी मग स्कॉटलंडला गेले आणि १४ नोव्हेंबर १७८४ रोजी ॲबरडीनला तिथल्या बिशपांकडून त्यांनी दीक्षा घेतली. पुढे इंग्लंडनेही कायदा बदलला. या चिन्हाचा ध्वज अधिकृतपणे स्वीकारला गेला तो मात्र १९४० साली.

‘एपिस्कोपल’ म्हणजे बिशपांच्या देखरेखीखालचं. ग्रीकमधल्या मूळ शब्दाचा अर्थच ‘देखरेख करणारा’. उपासनेचं वळण कॅथलिकांच्या जवळचं आहे, पण पोपचा अधिकार ते मानत नाहीत. धर्मगुरू लग्न करू शकतात आणि १९७६ च्या निर्णयापासून स्त्रियाही धर्मगुरू होतात. आपल्याकडचं नातं सरळ आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चपरंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सीएनआय, स्थापन झाली. तीही याच अँग्लिकन कुटुंबातली. नाशिक किंवा पुण्याच्या सीएनआय मंडळीतला सभासद तिकडे गेला तर त्याला प्रभुभोजनाला, म्हणजे उपासनेतल्या भाकरी-द्राक्षारसाच्या विधीला, बसायला कुणाची परवानगी लागत नाही.

पुणेकरांसाठी आणखी एक धागा. पंचहौदचं पवित्र नाम देवालय ज्या काउली फादरांनी उभारलं, त्यांचा संघ १८६६ साली ऑक्सफर्डजवळ स्थापन झाला. तो स्थापणाऱ्या तिघांपैकी चार्ल्स ग्राफ्टन अमेरिकन एपिस्कोपल धर्मगुरू होते आणि पुढे विस्कॉन्सिनमध्ये बिशप झाले.

प्रश्न : तिथला कारभार कोण पाहतं? पाळकसाहेब की कमिटी? (वाचक, अहिल्यानगर)

दोघंही, आणि दोघांच्या डोक्यावर बिशप. गावातल्या एककाला ‘पॅरिश’ म्हणतात. वसईचे कॅथलिक ज्याला धर्मग्राम म्हणतात तेच. स्वतःच्या खर्चाने चालणाऱ्या पॅरिशचा धर्मगुरू ‘रेक्टर’. त्याची निवड मंडळीची समिती करते आणि बिशप संमती देतो. खर्चासाठी धर्मप्रांतावर अवलंबून असलेल्या ठिकाणाला ‘मिशन’ म्हणतात. तिथला धर्मगुरू ‘व्हिकार’, आणि तो बिशपांच्या वतीने काम पाहतो.

समितीचं नाव ‘व्हेस्ट्री’. सभासदांतून निवडलेली माणसं, बहुतेक ठिकाणी तीन वर्षांची मुदत, दरवर्षी एक तृतीयांश निवृत्त. त्यात दोन ‘वॉर्डन’ : वरिष्ठ वॉर्डन रेक्टरचा उजवा हात, आणि कनिष्ठ वॉर्डनच्या वाट्याला गळकं छप्पर, बॉयलर आणि गोठलेले नळ. इमारतीबद्दल काही विचारायचं असेल तर थेट कनिष्ठ वॉर्डनला गाठा, अर्धा वेळ वाचेल.

इमारत व्हेस्ट्रीच्या नावावर दिसली तरी ती धर्मप्रांतासाठी विश्वस्त म्हणून धरलेली असते. १९७९ पासून हा नियम चर्चच्या कायद्यात स्पष्ट लिहिलेला आहे, आणि बाहेर पडू पाहणाऱ्या मंडळ्यांचे मालमत्तेचे खटले त्यावरच लढले गेले. प्रत्येक पॅरिशला १ मार्चपर्यंत वार्षिक अहवाल द्यावा लागतो : सभासद, रविवारची सरासरी हजेरी, बाप्तिस्मे, लग्नं, दफनं, जमाखर्च. अनेक गावांत रविवारी पन्नास डोकीही नसतात. पण अहवाल चुकत नाही, आणि पुढच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या सवयीतच आहे.

प्रश्न : मी निवृत्त ग्रंथपाल, सध्या मुलाकडे ओहायोत. गावच्या एपिस्कोपल पॅरिशने दीडशे वर्षांची स्मरणिका काढायला मदत मागितली आहे. कोनशिलेवर एक साल, जुन्या वर्तमानपत्रात दुसरं, धर्मप्रांताच्या यादीत तिसरं. खरं कोणतं? (वाचक, मूळ सातारा)

बहुधा तिन्ही खरी असतील. गावच्या चर्चला एक जन्मतारीख नसते, पाचसहा असतात आणि प्रत्येकीचा अर्थ वेगळा. पहिली उपासना : फिरता मिशनरी यायचा आणि कोर्टाच्या खोलीत किंवा शाळेत प्रार्थना घ्यायचा. त्यानंतर मंडळी संघटित झाल्याची तारीख, धर्मप्रांताच्या वार्षिक सभेने पॅरिश म्हणून मान्यता दिल्याची तारीख, कोनशिला, नव्या इमारतीतली पहिली उपासना. शेवटी बिशपांच्या हस्ते पवित्रीकरण.

सगळ्यात जास्त घोळ या शेवटच्या तारखेने होतो. जुन्या नियमांनुसार कर्ज असलेल्या इमारतीचं पवित्रीकरण होत नसे. त्यामुळे आज बांधलेलं चर्च कर्ज फेडून वीस वर्षांनी ‘पवित्र’ व्हायचं. वर्तमानपत्र पवित्रीकरणाची बातमी देतं, पुढच्या पिढीतला कुणी तीच बांधकामाची तारीख समजून स्मरणिकेत छापतो, आणि ती चूक पन्नास वर्षं सुखाने नांदते. तुम्ही आधी एक तक्ता करा : घटना, तारीख, कशावरून कळलं. तिसरा रकाना रिकामा असलेली ओळ छापायची नाही.

साधनं अशी. ‘पॅरिश रजिस्टर’ हे जाडजूड पुस्तक. त्यात बाप्तिस्मा, दृढीकरण (बिशपांच्या हस्ते श्रद्धेची पुष्टी), लग्न, दफन आणि सभासदांची नावं. ‘सर्व्हिस रजिस्टर’ वेगळं; त्यात दर उपासनेची एक ओळ : वार, वेळ, हजेरी, प्रभुभोजन घेणाऱ्यांची संख्या, धर्मगुरूची सही आणि शेऱ्याची जागा. शेऱ्यांचा हा रकाना सोडू नका. ‘बर्फ, कोणी आलं नाही’, ‘साथीमुळे बंद’ असले शेरे १९१८ च्या फ्लूच्या काळात सापडतात, आणि दोन पानांच्या निबंधापेक्षा ते जास्त सांगतात. तिसरं, व्हेस्ट्रीच्या सभांची इतिवृत्तं. चौथं, धर्मप्रांताच्या वार्षिक सभेचे छापील अहवाल; पॅरिशचं दप्तर जळालं असेल तरी आकडे तिथे मिळतात, आणि बिशप कोणत्या तारखेला गावात आले होते तेही. जमिनीचं खरेदीखत काउंटीच्या, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याच्या, कचेरीत असतं.

पाचवं साधन बहुतेक जण विसरतात : स्त्रियांच्या मंडळाच्या वह्या. व्हेस्ट्रीची वही वाचली तर चर्च आठदहा पुरुषांनी बांधलं असं वाटतं. स्त्रियांची राष्ट्रीय साहाय्यक संघटना १८७१ पासून होती, पण चर्चच्या सर्वोच्च सभेत स्त्री प्रतिनिधींना बसायला मिळालं ते १९७० साली. तोवर ऑर्गनचे हप्ते, खिडक्यांच्या रंगीत काचा आणि स्वयंपाकघरातली चूल कुठून आली हे त्यांच्या केकविक्रीच्या हिशेबातच सापडतं.

ओहायोत नाही, पण दक्षिणेकडच्या पॅरिशवर काम करणाऱ्यांसाठी एक सूचना. तिथल्या १८६५ पूर्वीच्या नोंदवह्यांत गुलाम माणसांचे बाप्तिस्मे आहेत : फक्त पहिलं नाव, आणि पुढे मालकाचं नाव. या ओळी गाळून ‘सोनेरी भूतकाळ’ लिहिण्याची पद्धत फार होती. २००६ च्या सर्वोच्च सभेने धर्मप्रांतांना गुलामगिरीतल्या स्वतःच्या सहभागाची नोंद करायला सांगितलं आहे. ती नावं जशीच्या तशी छापा. वंशज शोधत येतात, आणि ती ओळ हा त्यांच्याकडचा एकुलता कागद असू शकतो.

इमारत लाकडी, उभ्या फळ्यांची, फळ्यांच्या फटींवर अरुंद पट्ट्या ठोकलेली आणि छप्पर तीव्र उताराचं असेल, तर रिचर्ड अपजॉन या वास्तुविशारदाचा प्रभाव तपासा. न्यूयॉर्कचं ट्रिनिटी चर्च बांधणाऱ्या या माणसाने १८५२ साली गावच्या लहान चर्चांसाठी नकाशांचं पुस्तक काढलं. गावचा सुतार त्यावरून चर्च उभं करू शकत असे. पण ‘अपजॉनने बांधलं’ असं लगेच लिहू नका. बहुतेक वेळा त्यांनी ते गाव पाहिलेलंही नसतं. दुरुस्तीत निघालेले खिळेही बघा : चपटे, कापीव खिळे सहसा जुने, आणि गोल तारेचे खिळे १८९० नंतर सर्रास दिसतात.

हाताळणीबद्दल ग्रंथपालाला काय सांगायचं! तरी जे हमखास बिघडतं ते लिहितो. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नये. दहा वर्षांत टेप पिवळी पडते आणि शाई ओढून घेते. लॅमिनेशन तर कधीच नाही. बांधणी घट्ट असेल तर स्कॅनरवर दाबण्यापेक्षा वरून फोटो घ्या. हात धुऊन कोरडे करा; हातमोज्यांनी पान जास्त फाटतं. दप्तर तळघरात असेल तर निदान वीतभर उंच ठेवा. मूळ वही घरी न्यायची नाही, कितीही विश्वासाचे असलात तरी. आणि हयात माणसांच्या बाप्तिस्म्याच्या किंवा लग्नाच्या नोंदी स्मरणिकेत नकोत.

प्रश्न : आमचं दहाबारा मराठी घरांचं मंडळ आहे. गावच्या एपिस्कोपल चर्चमध्ये दर बुधवारी कुणालाही मोफत जेवण मिळतं. महिन्यातला एक बुधवार आम्ही घ्यावा, वरण-भात-भाजी करावी असा विचार आहे. शंभर पानांचा अंदाज आणि काय सांभाळायचं ते सांगा. (वाचक, पेनसिल्व्हेनिया)

प्रमाण आधी. सोबत पाव किंवा पोळी असेल तर तांदूळ ८ किलो, तूरडाळ ४ किलो, चिरलेली भाजी १० किलो, कोशिंबिरीला काकडी ५ किलो. आपल्या पंगतीच्या मानाने भात कमी वाटेल, पण तिकडे तो तोंडीलावण्यासारखा खाल्ला जातो. डाळ तासभर भिजवा. वीस लिटरच्या एकाच पातेल्यात चार किलो डाळ लावू नका. पाण्यासकट ते काठोकाठ भरतं, फेस उतू जातो आणि तळाला डाळ धरते. दोन पातेली करा.

आता घरगुती पंगतीत नसलेल्या गोष्टी.

घरून शिजवून आणायचं नाही. बऱ्याच काउंट्यांत सार्वजनिक जेवणासाठी तपासलेलं स्वयंपाकघरच लागतं. चर्चच्या स्वयंपाकघराला कोणता परवाना आहे, आणि तुमच्यापैकी किती जणांकडे अन्न हाताळणीचं प्रमाणपत्र हवं, हे आधी काउंटीच्या आरोग्य खात्याला विचारा.

फोडणी. हे हसण्यावारी नेऊ नका. अनेक चर्चांत घरगुती शेगडी असते आणि तिच्यावर तेलकट धूर ओढणारं हूड नसतं. शंभर पानांची मोहरी-मिरचीची फोडणी तडतडली की धुराची घंटा वाजते. ती थेट अग्निशमन दलाला जोडलेली असेल तर बंब दारात येतो, आणि खोट्या घंटेचं बिल चर्चला. हूड नसेल तर फोडणी मंद आचेवर, पाव पाव भागात करा, मिरची तेलातून उतरवल्यावर घाला.

हिंग. बाजारातल्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं. ‘ग्लूटेन नाही’ म्हणून वरण वाढलं आणि सीलिएकचा (गव्हातलं ग्लूटेन न चालणारा) रुग्ण आजारी पडला असं याच डबीने होतं. डबीवरचे घटक वाचा किंवा हिंगच वगळा. अमेरिकेत नऊ ॲलर्जीकारक पदार्थ जाहीर करायची पद्धत आहे : दूध, अंडी, मासे, कवचवाले मासे, बदाम-काजूसारखा सुकामेवा, शेंगदाणे, गहू, सोया, आणि २०२३ पासून तीळही. वेष्टनांवर कायद्याने लागतं, वाढपाच्या टेबलावर शहाणपणाने. कोशिंबिरीत दाण्याचं कूट घालूच नका. वेगळ्या वाटीत, वेगळ्या चमच्याने ठेवा.

तापमान. गरम अन्न ५७ अंश सेल्सियसच्या वर, थंड ५ च्या खाली. उरलेलं गार करायचं तर ५७ पासून २१ अंशांपर्यंत दोन तासांत आणि तिथून ५ पर्यंत पुढच्या चार तासांत. परत तापवताना ७४ अंश. वरणाचं मोठं पातेलं तसंच फ्रिजमध्ये ठेवलं तर मधला भाग रात्रभर कोमट राहतो. दोन इंच खोल पसरट ट्रेमध्ये ओता आणि ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवा. भाताचं जास्त सांभाळा. त्यातल्या बॅसिलस सिरिअस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात बाहेर राहिला की ते वाढतात, आणि त्यांचं एक विष परत गरम करूनही जात नाही. ‘सकाळी फोडणीचा भात करू’ हा आपला संस्कार इथे घातक. थर्मामीटर बर्फाच्या पाण्यात धरून शून्य दाखवतो का तेही अधूनमधून बघा.

प्रत्येक ट्रेची वेळ आणि तापमान कागदावर लिहा. तक्रार आली तर तोच कागद तुमच्या बाजूने बोलतो. १९९६ चा एक केंद्रीय कायदा चांगल्या हेतूने अन्नदान करणाऱ्याला संरक्षण देतो, पण घोर निष्काळजीपणाला देत नाही.

जेवणाऱ्यांची नावं विचारू नका, पानं मोजा. चर्चमध्ये सरकारी धान्याचं वाटपही चालत असेल तर त्याचे नियम वेगळे : तिथे कुटुंबातली माणसं आणि उत्पन्न स्वतः लिहून द्यावं लागतं. दोन्हींची सरमिसळ झाली की बुधवारच्या रांगेत कुणीतरी अर्ज घेऊन उभं राहतं आणि निम्मी माणसं दारातूनच परततात.

मुलांना सोबत आणणार असाल किंवा मुलांच्या कार्यक्रमात मदत करणार असाल, तर चर्च सुरक्षिततेचं प्रशिक्षण आणि पार्श्वभूमीची तपासणी मागेल. तो नियम सगळ्यांना आहे, अपमान मानू नये. इकडून गेलेल्या आईबाबांनी फक्त विनामोबदला, नेहमी स्वयंसेवकच करतात तेवढंच काम करावं. आभारादाखल दुकानाचं कार्ड दिलं तरी घेऊ नये. व्हिसाच्या दृष्टीने तो मोबदला ठरू शकतो.

प्रश्न : चर्चच्या जेवणामुळे बेघर लोक वस्तीत येतात, अशी आमच्या गल्लीत कुरबुर आहे. नगरपालिका असं जेवण थांबवू शकते का? (वाचक, वॉशिंग्टन राज्य)

तुमच्या शेजारच्याच राज्यातलं उदाहरण आहे. ऑरेगनच्या दक्षिण टोकाला समुद्रकाठी ब्रुकिंग्ज नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या सेंट टिमथी चर्चमध्ये २००९ पासून मोफत जेवण दिलं जात होतं. कोविडच्या काळात इतर ठिकाणची जेवणं थांबली, तेव्हा इथले दिवस वाढले आणि रांगही. शेजाऱ्यांनी २०२१ मध्ये तक्रारीचा अर्ज केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पालिकेने नियम केला : निवासी भागात असं जेवण परवान्यानेच, आणि आठवड्यातून जास्तीत जास्त दोन दिवस. व्हिकार बर्नी लिंडली आणि धर्मप्रांताने जानेवारी २०२२ मध्ये केंद्रीय न्यायालयात दावा लावला. २०२३ मध्ये पालिकेने चर्चमधली आरोग्यसेवा आणि आंघोळीची सोयही नियमबाह्य ठरवण्याची नोटीस काढली. केंद्रीय न्याय खात्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये चर्चच्या बाजूने म्हणणं मांडलं, आणि मार्च २०२४ मध्ये न्यायाधीश मार्क क्लार्क यांनी पालिकेचा नियम बेकायदा ठरवला.

आधार होता २००० सालच्या केंद्रीय कायद्याचा. जमीनवापराचे नियम लावताना सरकार धार्मिक आचरणावर भारी ओझं टाकू शकत नाही. टाकायचंच तर फार सबळ कारण आणि कमीत कमी जाचक उपाय दाखवावा लागतो. भुकेल्याला जेवू घालणं हा आमच्या धर्माचाच भाग, हे चर्चचं म्हणणं न्यायालयाने मानलं.

पण यावरून ‘चर्चला काहीही चालतं’ असं समजू नका. अग्निसुरक्षा, अन्नस्वच्छता, आवाजाचे नियम सर्वांना लागू आहेत. आणि खटला जिंकूनही शेजार मिळत नाही. कुरबुर शमवायची तर मागण्या मोजता येतील अशा ठेवा : जेवणानंतर दोन चौकांपर्यंत कचरा उचलणं, हॉलचं स्वच्छतागृह जेवणाआधी अर्धा तास ते नंतर एक तास उघडं ठेवणं (बहुतेक तक्रारींचं मूळ हेच असतं), रांग फुटपाथवर न लावता आवारात लावणं, आणि शेजाऱ्यांना फोन करता येईल असा एक जबाबदार माणूस. व्हेस्ट्रीच्या सभेत आधी कळवून बोलता येतं. पालिकेकडे जाण्याआधी तिथे जा.

प्रश्न : ओळखीतल्या एका विद्यार्थिनीला भाडं थकल्यामुळे घर सोडावं लागणार होतं. कुणी सांगितलं, ‘एपिस्कोपल रेक्टरकडे यासाठी पैसे असतात.’ खरं का? (वाचक, टेक्सस)

असतात, पण थोडे. त्याला रेक्टरचा स्वेच्छा निधी म्हणतात. महिन्यातून एका रविवारचं दान त्यात जमा करायची जुनी रीत आहे. रोख सहसा मिळत नाही. घरमालकाच्या किंवा वीज कंपनीच्या नावे थेट चेक निघतो. त्यामुळे जाताना भाडेकरार, थकबाकीची नोटीस आणि घरमालकाचं पूर्ण नाव-पत्ता न्या. सभासद असण्याची अट नाही. पूर्ण रक्कम मिळेल असं धरू नका. दोनतीन चर्चं आणि काउंटीची मदत मिळून ती भरते.

देणगीदारांसाठी : ‘हे पैसे अमुकलाच द्या’ असं सांगून दिलेल्या रकमेवर करसवलत मिळत नाही. खातं चर्चच्या नावे आणि चर्चच्या कर क्रमांकावरच हवं, आणि त्याचं वार्षिक लेखापरीक्षण व्हायला हवं. घेणाऱ्याचं नाव गुप्त, पण चेक गुप्त नाही. रेक्टर बदलले तरी पैसे चर्चचेच राहतात. त्यातून रेक्टरने स्वतःचा खर्च केला तर ते त्याचं करपात्र उत्पन्न धरलं जातं.

प्रश्न : तिथे जेवायला गेलं तर धर्मांतराचा आग्रह होतो का? रविवारच्या उपासनेला बसावं का? (वाचक, पुणे)

१८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांवर ग्रामण्य (जातबहिष्काराचं प्रकरण) उठलं होतं, तेव्हा तुमची शंका परंपरेला धरूनच आहे! सरकारी मदतीतून मिळालेल्या धान्यावर जेवण असेल तर प्रार्थनेची सक्ती करता येत नाही, हा केंद्रीय नियम आहे. एपिस्कोपल चर्चमध्ये एरवीही ती क्वचितच दिसते.

उपासनेला कुणीही बसावं. पुढच्या बाकाच्या पाठीवर लाल किंवा काळं प्रार्थनापुस्तक असतं, १९७९ च्या आवृत्तीचं. पान ३५५ उघडलं की बहुतेक ठिकाणी रविवारची उपासना पुढे सरकत जाते. उभं राहणं, बसणं शेजाऱ्याकडे बघून करा. प्रभुभोजन चर्चच्या नियमाने बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी आहे. बाकीच्यांनी जागेवर बसावं, किंवा पुढे जाऊन दोन्ही हात छातीवर फुलीसारखे धरावेत; धर्मगुरू फक्त आशीर्वाद देतात.

प्रश्न : आमच्या गावच्या मिशन शाळेला अमेरिकेतलं एक एपिस्कोपल पॅरिश संगणकांसाठी पैसे देऊ इच्छितं. एका विश्वस्ताच्या बचत खात्यात घेतले तर? (वाचक, अहिल्यानगर जिल्हा)

घेऊ नका. तो २०१० च्या परदेशी अंशदान नियमन कायद्याखाली, म्हणजे एफसीआरएखाली, गुन्हा आहे. संस्थेकडे एफसीआरए नोंदणी (पाच वर्षांची) किंवा त्या एका रकमेसाठी पूर्वपरवानगी हवी. पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरले पाहिजेत. तिथून ते तुमच्या गावच्या बँकेतल्या जाहीर केलेल्या खात्यात आणता येतात. ‘शेजारच्या ट्रस्टची नोंदणी आहे, त्यांच्यामार्फत घेऊ’ ही वाट २०२० च्या दुरुस्तीने बंद केली. प्रशासनावर २० टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करता येत नाही, आणि वार्षिक विवरण ३१ डिसेंबरपर्यंत भरायचं असतं.

पॅरिशला मागणीपत्र पाठवताना दरपत्रकं, शाळेचा ठराव आणि नोंदणी क्रमांक सोबत जोडा. व्हेस्ट्रीची सभा बहुतेक महिन्यातून एकदाच होते. एक कागद कमी पडला की विषय पुढच्या महिन्यावर जातो.

प्रश्न : पंडिता रमाबाईंची तिथे पुण्यतिथी पाळतात असं ऐकलं. (वाचक, कराड)

होय. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी वारल्या आणि एपिस्कोपल चर्चच्या स्मरणदिनांत तीच तारीख आहे. इंग्लंडच्या चर्चमध्ये ३० एप्रिल. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमधल्या वॉन्टेजला, तिथल्या ख्रिस्ती जोगिणींच्या भगिनीसंघाकडे राहत असताना झाला, आणि त्याच भगिनीसंघाचं काम पंचहौदलाही होतं. गावच्या चर्चमध्ये त्यांच्यावर बोलायची तुमची इच्छा असेल तर धर्मगुरूंना फेब्रुवारीतच विचारा. ५ एप्रिल पुष्कळदा पवित्र सप्ताहात किंवा ईस्टरच्या आठवड्यात येतो. त्या दिवसांत असे स्मरणदिन पाळले जात नाहीत, आणि दुसरी तारीख आधीच ठरवावी लागते.